उपहास, उपरोध, विडंबन : बडग्याच्या फलकाला नेमका शब्द कोणता?

फलकलेखनिक (नागपूर)

मंडळी, मारबत-बडग्यांच्या मिरवणुकीवर सोळा पानांची पुस्तिका आणि बडग्यांसोबत चालणारे सहा फलक तयार होत आहेत. खर्डा चार जणांनी लिहिला आणि प्रत्येकाने आपापला शब्द वापरला. त्यामुळे एकाच पानावर बडग्या आधी 'उपहास' करतो, मग 'उपरोध', मग 'विडंबन', मग 'विडंबना' आणि शेवटी 'व्यंग'.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपी पुतळे, निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा पुकारा होतो. सोबत बडग्या असतात, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, राजकारण अशा विषयांवरचे पुरुषी पुतळे आणि त्यांच्या गळ्यातले फलक. शेवटी सगळं जाळून टाकतात.

कोश उघडला की थट्टा, चेष्टा, टवाळी, कुचेष्टा, उपहास हे सगळे एका रांगेत मिळतात, त्याने काम भागत नाही. एका सदस्याचं म्हणणं आहे की उपहास हा तुच्छतेचा शब्द, परंपरेच्या वर्णनात तो नको. नेमका अर्थ काय, आणि साहित्यात हा शब्द कसा चालतो?

खर्ड्यातल्या अडलेल्या तीन ओळी :
(अ) 'नागपूरकरांच्या नशिबाची ही विडंबना आहे.'
(आ) 'बडग्या समाजातील दोषांवर व्यंग कसतो.'
(इ) फलक : 'वा, काय सुंदर रस्ते आहेत!'

काकुस्वर

कोशातली रांग फसवी असते. शब्द शेजारी बसले म्हणून त्यांचं वजन सारखं होत नाही. एक साधी परीक्षा करून पाहा. 'थट्टेत बोललो, मनावर घेऊ नका' हे वाक्य रोज कानावर पडतं. 'उपहासाने बोललो, मनावर घेऊ नका' असं कुणी म्हणत नाही, कारण उपहास मनावर घेण्यासाठीच केलेला असतो. थट्टा आणि मस्करी यांत समोरच्यालाही हसायची मुभा असते. चेष्टेत ती कमी होते. टिंगलटवाळी घोळक्याने होते, तिला बहुधा काही म्हणायचं नसतं, वेळ घालवायचा असतो. कुचेष्टेचा हेतू दुखावण्याचा. हेटाळणीत तर हसू असेलच असं नाही, नाक मुरडलं तरी पुरतं. उपहासात हसू असतं आणि त्या हसण्याच्या पोटात निवाडा असतो.

कशाचा निवाडा? रघुवंशाच्या पहिल्या सर्गातला तिसरा श्लोक बघा :

मन्दः कवियशःप्रार्थी गमिष्याम्युपहास्यताम् ।
प्रांशुलभ्ये फले लोभादुद्बाहुरिव वामनः ॥

मी मंदबुद्धीचा, आणि कवीची कीर्ती मागतोय, म्हणून उपहासाला पात्र होईन, उंच माणसाच्या हाताला लागणाऱ्या फळासाठी हात वर करणाऱ्या बुटक्यासारखा. इथे हसू बुटकेपणाचं नाही, वर केलेल्या हातांचं आहे. बुटका माणूस नुसता उभा असता तर उपहासाला जागाच नव्हती. दावा आणि ऐपत यांच्यात अंतर पडतं तिथे उपहास उगवतो. दावाच नसेल आणि तरीही आपण हसलो, तर ती कुचेष्टा.

ही कसोटी फलकांना तशीच लावता येते. खड्डा हा उपहासाचा विषय नाही. 'खड्डेमुक्त शहर' ही घोषणा आहे. खड्ड्याला हसून काय मिळणार, तो बिचारा काहीच बोललेला नाही.

शब्दाच्या घडणीबद्दल : उप + हस्. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार दिलेत. उत्तम पात्रांचं स्मित आणि हसित, मध्यम पात्रांचं विहसित आणि उपहसित, अधम पात्रांचं अपहसित आणि अतिहसित. उपहसिताचं वर्णन नटाने करून बघण्यासारखं आहे : नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरकी, खांदे आणि डोकं आखडलेलं. म्हणजे तिथे तो शब्द हसण्याची शारीरिक तऱ्हा सांगतो, तुच्छता नाही. त्याची जागाही मधल्या पायरीवर आहे. तुमच्या सदस्यांना हे दाखवा. आणि 'परिहास' वेगळा. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला 'परिहासविजल्पितं सखे' म्हणतो, म्हणजे गंमतीत बोललो, खरं धरू नकोस. परिहासाची बतावणी करून सुटता येतं, उपहासातून नाही.

वापरातल्या दोन चुका तुमच्याही खर्ड्यात असतील. 'उपहासात्मक' म्हणजे ज्यात उपहास आहे ते : उपहासात्मक लेख, उपहासात्मक फलक. 'उपहासास्पद' म्हणजे ज्याचा उपहास व्हावा ते : उपहासास्पद दावा, उपहासास्पद खुलासा. 'प्रशासनाची भूमिका उपहासात्मक आहे' असं छापलंत तर प्रशासन विनोद करतंय असा अर्थ निघेल. आणि उपहास नेहमी कुणाचा तरी असतो, षष्ठी लागते. 'महागाईवर उपहास' नको, 'महागाईचा उपहास' किंवा 'महागाईवर उपहासात्मक टीका'.

तर्रीपोहे

(अ) आणि (आ) दोन्ही ओळी हिंदीतून आल्या आहेत भाऊ. नागपुरात हे होणारच, अर्धा दिवस हिंदीत जातो आपला. पण छापताना सांभाळा.

हिंदीत 'विडंबना' म्हणजे दैवाचा किंवा परिस्थितीचा उफराटा खेळ. मराठीत ते काम 'दैवदुर्विलास' करतो, किंवा सरळ 'नशिबाने मांडलेली थट्टा' म्हणा. मराठीत 'विडंबन' म्हणजे नक्कल करून केलेला विनोद. आणि त्याच शब्दाचं दुसरं रूप 'विटंबना' म्हणजे अप्रतिष्ठा, बेअब्रू. 'पुतळ्याची विटंबना' ही बातमी आली की गावात बंदोबस्त लागतो. तुमची पुस्तिका पुतळ्यांबद्दलच आहे! तिथे ड चा ट झाला तर काय होईल याचा विचार करून मुद्रितं दोनदा वाचा.

'व्यंग' तसंच. हिंदीतल्या 'व्यंग्य'चा अर्थ उपहासपर लेखन, आणि तो 'कसतात'. मराठीत व्यंग म्हणजे शरीरातलं वैगुण्य किंवा कामातली उणीव. व्यंगचित्र हा शब्द आपल्याकडे रुळलाय, त्याला हात लावू नका. पण 'बडग्या व्यंग कसतो' हे मराठी नव्हे. 'बडग्या दोषांवर बोट ठेवतो', 'खिल्ली उडवतो', 'टर उडवतो', काहीही चालेल.

तिसरा सापळा 'चेष्टा'. हिंदीत आणि संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, प्रयत्न. मराठीत थट्टा. 'समाज सुधारण्याची चेष्टा' असं कुठे राहिलं असेल तर शोधून काढा, अर्थ पार उलटा होतो.

क्रियापदंही आपापलीच लागतात. टर, खिल्ली आणि रेवडी उडवतात. टोमणा मारतात, चिमटा काढतात, कोपरखळी मारतात, फिरकी घेतात. 'टोमणा उडवला' किंवा 'खिल्ली मारली' वाचलं की समजायचं लिहिणाऱ्याने शब्द ऐकलाय, वापरला नाही.

बोरूबहाद्दर

वरच्या दोघांनी पाया घातलाच आहे. मी (इ) कडे येतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

'वा, काय सुंदर रस्ते आहेत!' हा उपहास नाही, उपरोध आहे. उपरोधात शब्द एक म्हणतात आणि अर्थ नेमका उलटा असतो. गंमत अशी की संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, अडवणूक. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत सारथ्याला रथ थांबवायला सांगतो तेव्हा 'तपोवनातल्या लोकांना उपरोध होऊ नये' असं म्हणतो. कुणी हे मराठी कानाने वाचलं तर राजा तपस्व्यांना टोमणे मारायला निघाला होता असं वाटेल.

मराठीत ज्याला उपरोध म्हणतो त्याची काव्यशास्त्रातली उत्तम ओळख मम्मटाच्या काव्यप्रकाशात सापडते. अपकार करणाऱ्याला उद्देशून म्हटलेला श्लोक आहे, 'उपकृतं बहु तत्र किमुच्यते...' : तू फार उपकार केलेस, काय सांगावं, तुझं सौजन्य जगजाहीर झालं, मित्रा, असंच वागत राहा आणि शंभर वर्षं सुखाने जग. एकही शब्द वाईट नाही. मम्मट याला अत्यंततिरस्कृतवाच्य म्हणतो, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ पूर्ण बाजूला सारावा लागतो. पण तो बाजूला सारायचा हे वाचकाला कळणार कसं? समोरच्याने अपकार केलाय हे आधी माहीत असेल तर. किंवा बोलणाऱ्याच्या आवाजावरून. त्या आवाजाच्या हेलकाव्याला काकू म्हणतात (नात्यातली काकू नव्हे, आणि वरच्या सदस्यांनी टोपणनाव तिथूनच घेतलेलं दिसतंय).

फलकाला आवाज नसतो. म्हणून कोरा उपरोध फलकावर हमखास पडतो. घोळक्यातला अर्धा भाग तो खराच समजतो, फोटो निघतो, संदर्भाविना फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी 'मंडळाने रस्त्यांचं कौतुक केलं' असाही अर्थ निघू शकतो. उपरोध लिहायचाच असेल तर आवाजाची भरपाई शब्दांत करावी लागते. त्याच्या तीन-चार जागा आहेत. अतिशयोक्ती इतकी वाढवायची की सरळ अर्थ अशक्यच व्हावा. स्तुतीच्या मधोमध एक नेमका आकडा घालायचा. किंवा भाषेची पातळी बदलायची, खड्ड्याला मानपत्राची भाषा, टँकरला लग्नपत्रिकेची. किंवा श्लेष. उद्गारचिन्ह मात्र यांपैकी काही करत नाही. तीन उद्गारचिन्हं दिल्याने उपरोध कळतो हा समज सोडून द्या.

साहित्यात उपहास, विडंबन आणि उपरोध कसे वेगळे चालतात ते बघा. पहिले दोन तर एकाच लक्ष्यावर दिसतात : नवस.

तुकाराम म्हणतात, 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती'. इथे नक्कल नाही, उलटं बोलणंही नाही. दावा घेतला, दोन पावलं पुढे चालवला आणि तो आपोआप खड्ड्यात गेला. हा शुद्ध उपहास.

एकनाथांचं रोडग्याचं भारूड घ्या. 'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला' म्हणत सून एकेका सासरच्या माणसाला वाटेला लावायला सांगते आणि शेवटी 'एकलीच राहू दे मला' मागते. इथे नवसाचा सगळा साचा जसाच्या तसा आहे, देवीला हाक, मागणं, कबूल केलेला नैवेद्य. आत मात्र भलताच माल भरलाय. हे विडंबन. त्याच्या पोटात आध्यात्मिक रूपक आहे ते आणखी वेगळं : सासरची माणसं म्हणजे विकार, आणि ते गेल्यावर उरणारं एकटेपण म्हणजे मुक्ती. रोडगा आपल्या विदर्भात अजून ताटात पडतो म्हणून इथल्या श्रोत्याला ते भारूड अंमळ जास्त लागतं, असं माझं मत.

तिसरी तऱ्हा, उपरोधाची, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची. ते जन्माने नागपूरचे, १८७१ चे, पुढे वकिली जळगाव-जामोदला. 'सुदाम्याचे पोहे' हे त्यांचं विनोदी लेखांचं पुस्तक १९१० चं. त्यांनी सुधारकाच्या तोंडून रूढींवर टीका केली नाही. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही मंडळी रूढींच्या बाजूची, आणि ती इतक्या उत्साहाने बाजू घेतात की बाजूच कोसळते. शास्त्रात याला व्याजस्तुतीच्या (वरवर स्तुती, आतून निंदा) घरात बसवता येईल. त्यातच 'चोरांचे संमेलन' आहे. सभा-संमेलनांचा सगळा थाट चोरांना बहाल केला की टीकेचा एक शब्द न लिहिता काम होतं. तुमच्या बडग्यांचं पूर्वज-घर हेच.

आणि हो, पुस्तिकेत कुणीतरी 'टवाळा आवडे विनोद' हे उद्धृत करणारच, म्हणून आधीच सांगतो. दासबोधातली ती ओवी कोणाला काय आवडतं हे सांगते. पुढचा चरण 'उन्मत्तास नाना छंद' असा आहे. टवाळाला विनोद आवडतो, एवढंच विधान. विनोद आवडणारा प्रत्येक जण टवाळ, असं त्यातून निघत नाही. कावळा काळा असतो म्हणून काळं ते सगळं कावळा होत नाही.

तर्रीपोहे

पोह्यांवर तर्री आपण घातली, पोहे मात्र कोल्हटकरांचे. हे नागपूरकराने विसरू नये.

फलकलेखनिक

खूप आभार. (अ) आणि (आ) बदलल्या. वर्णनात 'उपहास' ठेवायचं ठरलं, वाद मिटला.

आता फलकांचे नवे खर्डे. जरा कठोरपणे बघा.

१. 'खड्डेमुक्त शहर : फक्त खड्डे मोजणारे मुक्त झाले'
२. 'आमचे येथे श्रीकृपेकरून चि. खड्डा व चि. सौ. कां. गिट्टी यांचा शुभविवाह दरवर्षी जूनमध्ये योजिला आहे. आहेर : निविदा. आमच्या टँकरदादाच्या लग्नाला यायचं हं!'
३. 'डोळे असून आंधळा, कान असून बहिरा : साहेब'
४. मनाचे श्लोक धर्तीवर मोबाइलमधल्या अफवांवर चार ओळी हव्या आहेत. आमचा प्रयत्न : 'मना सज्जना व्हॉट्सॅपवरी राहावे...' पण चालीत म्हणताना अडखळतं.

बोरूबहाद्दर

पहिला चांगला, पण दोनदा वाचावा लागतो. 'मुक्त'वरचा श्लेष मागाहून येतो आणि मधला 'फक्त' त्याला अडवतो. 'शहर खड्डेमुक्त, खड्डे भयमुक्त' करून पाहा. चार शब्द, दोन समतोल तुकडे, चालत्या माणसाला एका नजरेत. दावा समोर आहे आणि टाचणी त्यालाच लागते.

दुसरा उत्तम विडंबन आहे, पण फलकासाठी नाही. फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असतो की दहा फुटांच्या अंतरामागे अक्षराची उंची किमान एक इंच हवी. गर्दीत चाळीस फुटांवरून वाचायचं तर चार इंचाचं अक्षर झालं. चार फूट रुंद फलकावर त्या मापाची जेमतेम दहा-बारा अक्षरं एका ओळीत बसतात. चार ओळी धरल्या तरी सात-आठ शब्दांच्या वर जाऊ नका. पत्रिका पुस्तिकेच्या मधल्या पानावर खऱ्या पत्रिकेसारखी छापा, हळदीकुंकवाच्या बोटांसकट. त्यात एक दुरुस्ती : टँकरदादा शेवटी एकदम उपटलाय. लग्न खड्ड्याचं, मग 'आमच्या खड्डूमामाच्या लग्नाला यायचं हं!' हवं. विडंबनात साचा जितका काटेकोर पाळाल तितका आतला माल उठून दिसतो. साचाही मोडला आणि मालही बदलला की वाचकाला मूळ ओळखूच येत नाही, मग हसू कशाचं? 'गिट्टी' ठेवलीत ते बरं केलंत, 'खडी' लिहिलं असतंत तर लग्न पुण्याकडे लागलं असतं.

तिसऱ्यावर काकुस्वर बोलतीलच.

काकुस्वर

बोलतो. तिसरा काढून टाका. आंधळा आणि बहिरा हे शब्द साहेबाला लागत नाहीत. मिरवणूक बघायला आलेल्या दृष्टिहीन माणसाला लागतात, ज्याने कसलाच दावा केलेला नाही. हात वर केलेले नसताना उंचीला हसणं ते हेच. साहेबाचा दावा काय? 'तक्रारीची नोंद घेतली आहे'. मग त्याच वाक्याला धरा : 'नोंद घेतली. वही हरवली.' इथे व्यंग कुणाच्याच शरीरात नाही, कामात आहे.

चवथ्याचं कारण वृत्तात आहे. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. चरणात बारा अक्षरं, लघू-गुरू-गुरू असा गट चार वेळा. 'मना सज्जना' मध्ये पाच अक्षरं संपली : म लघू, ना गुरू, सज् गुरू, ज लघू, ना गुरू. पुढे एक गुरू आणि लगेच एक लघू लागतो. 'व्हॉट्सॅप' हे दोन गुरू आहेत, म्हणून तिथेच ठेच लागते. 'फोन' मात्र गुरू-लघू, अलगद बसतो. नमुन्यादाखल :

मना सज्जना फोन हाती धरावा
फुका ज्ञानसंदेश धाडीत जावा
स्वतः वाचला का, कुणी ना पुसावे
पुसे जो तयाला गटाने पुसावे

शेवटच्या दोन चरणांत 'पुसणे' दोन अर्थांनी आहे, विचारणे आणि मिटवून टाकणे. आपल्या विदर्भात विचारण्याला पुसणं अजून बोलीत आहे, त्यामुळे इथे तो श्लेष समजावून सांगावा लागणार नाही. परवानगीची चिंता नाही, वापरा.

अशा ओळी जुळवताना शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर सांभाळा. 'रोज द्यावे' मध्ये 'द्या'मुळे मागचा 'ज' जड होतो की नाही यावर म्हणणारे अडखळतात. लघूच्या जागेनंतर जोडाक्षराने सुरू होणारा शब्द न घेणं हा सोपा उपाय.

चिमटेवाला

एक शंका. मनाच्या श्लोकांची चाल घेतली तर रामदासांचा उपहास होतो असं कुणी म्हणेल. उत्तर तयार आहे का?

काकुस्वर

आहे. विडंबनात दोन गोष्टी वेगळ्या असतात : ज्याची नक्कल केली ते मूळ, आणि ज्याला टोचायचं ते लक्ष्य. कधी दोन्ही एकच असतात. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार नावाने 'झेंडूची फुले'मध्ये (१९२५) समकालीन कवींच्या लकबींचं विडंबन केलं, तिथे मूळ तेच लक्ष्य. वरच्या चार ओळींत मूळ मनाचे श्लोक आणि लक्ष्य अफवा पसरवणारे. इथे मूळ रचनेचा अधिकार उसना घेतलाय. उपदेशाची भारदस्त चाल आणि फालतू उपदेश यांच्यातली विसंगती हेच हत्यार आहे. मूळ जितकं प्रतिष्ठित आणि पाठ असलेलं, तितकं विडंबन पटकन लागतं. म्हणून लोक आरत्या, श्लोक, लग्नपत्रिका, निविदा सूचना यांचे साचे उचलतात. अनोळखी कवितेचं विडंबन फलकावर करू नये, कुणाला कळत नाही.

तरी विरोधकाच्या हातात कोलीत द्यायचं नसेल तर चाल ठेवा आणि 'मना सज्जना' हे दोन शब्द बदला. 'अरे माणसा फोन हाती धरावा' हेही वृत्तात बसतं. मात्र त्याने धार अर्धी होते, हे धरून चला.

अलीकडच्या कवीची रचना घेतलीत तर स्वामित्व हक्क बघा. आपल्याकडे कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं तो राहतो.

तर्रीपोहे

बोलीबद्दल कुणी बोललंच नाही. फलकावर आपली नागपुरी येऊ द्या ना बाप्पा. 'काहून बे, रस्ता खोदून राहिला का कमाई करून राहिला?' यात जो ठसका आहे तो प्रमाण मराठीत येत नाही.

शिवाय बोलीत काकूची सोय आपसूक आहे. 'काहून बे' वाचतानाच आवाज कानात येतो, म्हणजे फलकाला आवाज नाही ही वरची अडचण अर्धी सुटते.

बोरूबहाद्दर

मान्य, एका अटीवर. सहाही फलक बोलीत करा किंवा बोली प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडी द्या. पाच फलक प्रमाण भाषेत आणि फक्त मूर्ख, लाचखोर किंवा दारुड्या बडग्या नागपुरीत बोलतोय असं केलंत, तर लक्ष्य बदलतं, लाच राहते बाजूला आणि बोलीचाच उपहास होतो. नाटका-सिनेमांनी विदर्भाच्या बोलीचं हे पुष्कळ केलंय, आपण आपल्याच मिरवणुकीत करू नये. तुमच्या ओळीत सामान्य माणूस बोलीत विचारतोय आणि ठेकेदार निरुत्तर आहे, म्हणून ती चोख आहे. फक्त 'खोदून राहिला' आणि 'करून राहिला' एकाच मापात ठेवा, मधे 'करतो आहेस' आलं की ठसका गेला.

नाव घेण्याबद्दलही एक ओळ. पदाचा, घोषणेचा, कामाचा उपहास करा. जिवंत व्यक्तीचं नाव आणि चारित्र्यावरचा आरोप एकत्र आले की गोष्ट भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, बदनामीत, जाऊ शकते. आणि पुतळ्यांच्या मिरवणुकीचं हत्यार दुधारी असतं. आगरकर जिवंत असताना विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती, तोही मिरवणुकीने केलेला उपहासच. त्यात त्यांच्या एकाही मुद्द्याला उत्तर नव्हतं.

फलकलेखनिक

तिसरा रद्द, 'नोंद घेतली. वही हरवली.' घेतला. पत्रिका मधल्या पानावर गेली, खड्डूमामासकट. 'काहून बे' ठेकेदाराच्या बडग्यासमोर धरलेल्या फलकावर, म्हणजे प्रश्न लोकांकडून येईल. श्लोक 'मना सज्जना'नेच जाणार, पण फलकावर नाही, ढोलावर म्हणायला.

एक शेवटचं. मुद्रितात एका ठिकाणी 'बडग्या हा समाजाने केलेला उपहार आहे' असं आलंय, आणि खाली अल्पोपाहाराच्या जागी 'अल्पोपहास'. कळफलकाने सुचवलं तसंच राहिलं.

तर्रीपोहे

उपहार म्हणजे भेट, उपाहार म्हणजे खाणं, उपहास म्हणजे तुम्ही करून राहिले ते. पहिलं दुरुस्त करा. 'अल्पोपहास' राहू द्या, पोहे किती मिळणार ते आधीच कळेल.